दन्तान्तर : शब्द, शास्त्र आणि आचार

१

काही वर्षांपूर्वी दंतारोग्यावरील एका पत्रकाचा मराठी मसुदा भाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे आला होता. मसुदा जेमतेम दोन पानांचा. सकाळी व रात्री दात घासावेत, जेवणानंतर चूळ भरावी, गोड व चिकट पदार्थ बेताने खावेत, ही वाक्ये सहज मराठीत उतरली होती. भाषांतर अडले होते ते एकाच वाक्यापाशी. दोन दातांमधील फट दिवसातून एकदा बारीक दोऱ्याने साफ करावी, हा उपदेश मूळ इंग्रजी पत्रकात एका क्रियापदाने उरकला होता. भाषांतरकाराने प्रथम 'दात कोरावेत' असे लिहिले. ते खोडून 'दातांमध्ये दोरा घालावा' असे केले. आणि अखेर तेही खोडले. 'रोज दात कोरा' असे छापून घरोघर वाटणे बरे दिसणार नाही, असा समितीतील एका वयोवृद्ध सभासदांचा आक्षेप होता. पत्रक छापून निघाले तेव्हा ते वाक्य त्यात नव्हते.

शब्द नव्हता म्हणून वाक्य गळाले, असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. नवी वस्तू आली की मराठी तिचे नाव उसने घेते किंवा घडवते. टेबल, पेन्सिल, टूथब्रश हे शब्द असेच घरचे झाले. येथे तर क्रियापद होते. परंतु ते उच्चारण्याची लाज होती. ही लाज कोठून आली? दातांमधील फटीविषयी आपल्या पूर्वसूरींनी विचारच केला नव्हता काय? केला असल्यास त्याचे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे. निबंधाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : दातांमधील फट, संस्कृतात 'दन्तान्तर', हा प्राचीन भारतीय ग्रंथकारांच्या विचाराचा विषय होता, त्यावर धर्मशास्त्राने एक उत्तर दिले व आयुर्वेदाने दुसरे, आणि प्रातःकाळच्या दंतधावनाला विधीचे रूप व प्रतिष्ठित नाव मिळाले, तसे भोजनोत्तर दन्तान्तरशुद्धीला मिळाले नाही. मराठीतील शब्दांची आजची स्थिती हे या इतिहासाचे फलित होय.

२

ग्रंथांकडे वळण्यापूर्वी वस्तुस्थिती ध्यानात घेणे इष्ट होईल. दाताला ढोबळ मानाने पाच पृष्ठे असतात : ओठांकडचे किंवा गालाकडचे, जिभेकडचे, चावण्याचे, आणि शेजारच्या दोन दातांकडची दोन. दात घासल्याने पहिली तीन स्वच्छ होतात. उरलेल्या दोन पृष्ठांवर, विशेषतः जेथे दात एकमेकांस टेकतात त्या बिंदूच्या खाली, काडी, बोट किंवा कुंचला यांपैकी काहीही नीट पोचत नाही. तेथे सूक्ष्म जंतूंचा चिकट थर साचतो. तो चूळ भरून निघत नाही. राहू दिल्यास लाळेतील क्षारांनी त्याचा दगडासारखा कठीण लेप बनतो.

या थराचा व हिरड्यांच्या रोगाचा कार्यकारणसंबंध निर्विवादपणे दाखविणारा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील आर्हुस येथे निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींना दात साफ करणे पूर्णपणे थांबविण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली. दात पुन्हा साफ करू लागताच ती ओसरली. रोगाचा आरंभ अशा रीतीने परतविता येतो. मात्र तो पुढे जाऊन दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागले, तर झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. म्हणून रोजच्या आचाराला महत्त्व आहे, आणि रोजच्या आचारासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द लागतो.

३

दन्तान्तराचा प्रश्न धर्मशास्त्रात उपस्थित झाला तो शौचाशौचाच्या प्रकरणात. भोजन केलेला मनुष्य आचमन करीपर्यंत उच्छिष्ट असतो. आता आचमन केल्यावरही दातांत अन्नाचा कण राहिला असेल तर तो मनुष्य शुद्ध की अशुद्ध? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या समाजात उच्छिष्टाचा स्पर्श टाळण्यावर सारा आचार उभा आहे, तेथे तो टाळता येण्यासारखा नव्हता. कण काढण्यासाठी बोट तोंडात घालावे तर बोट उष्टे होते. न काढावा तर तोंड उष्टे राहते.

गौतमधर्मसूत्राने हा पेच फार चतुराईने सोडविला आहे. दातांना चिकटलेले अन्न दातांसारखेच समजावे. मात्र जीभ त्याला लागत असेल तर ही सवलत नाही, असा त्याचा निर्णय आहे. काहींच्या मते कण गळून पडेपर्यंत ही सवलत चालते, असेही सूत्रकार नोंदवितो. कण सुटून जिभेवर आलाच, तर तो लाळेसारखा मानावा व गिळून टाकला की मनुष्य शुद्ध होतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही हाच विचार आढळतो. तोंडातून उडणारे लाळेचे तुषार, तोंडात जाणारे मिशांचे केस आणि दातांमध्ये अडकलेले अन्न यांनी मनुष्य उच्छिष्ट होत नाही, असे मनूने एकत्र सांगितले आहे. तुषारांच्या बाबतीत ते अंगावर पडू नयेत एवढी अट आहे.

हे निर्णय वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दातांतले अन्न तसेच ठेवावे, असे धर्मशास्त्रकारांनी कोठेही सांगितलेले नाही. ते तेथे असल्याने अशौच येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. माणसाला अशक्य कोटीतील शुद्धीच्या काळजीतून मोकळे करणारी ही सवलत आहे, आणि तिच्यात व्यवहारज्ञान आहे. परंतु सवलतीचा परिणाम असा होतो, की ज्या जागेला ती लागू होते ती जागा आचाराच्या नकाशावरून पुसली जाते. अडकलेले अन्न दातच मानले, की दाताहून वेगळी अशी फट उरतच नाही. आणि जी उरत नाही ती साफ करण्याचा विधी कोण सांगणार?

याच्या उलट प्रातःकाळच्या दंतधावनाचा विस्तार पाहावा. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) दंतधावनाविषयीची वचने एकत्र केली आहेत. काडी कोणत्या झाडाची असावी, कोणत्या झाडाची नसावी, तिची लांबी-जाडी किती, कोणत्या तिथींना ती वर्ज्य आणि वर्ज्य दिवशी बारा चुळांनी किंवा पानांनी काम कसे भागवावे, हे सारे निबंधकारांनी बारकाईने सांगितले आहे. एका बाजूला एवढा नियमसंभार. दुसऱ्या बाजूला एक सवलत. प्रतिष्ठा कोणाच्या वाट्याला गेली हे उघड आहे.

४

आयुर्वेदाची दृष्टी निराळी आहे, कारण त्याचा प्रश्नच निराळा आहे. अन्नकणाने मनुष्य अशुद्ध होतो काय, हे वैद्य विचारीत नाही; त्या कणाचे पुढे काय होते, हे तो विचारतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधीच्या अध्यायात भोजनानंतरच्या कृत्यांमध्ये स्पष्ट सांगितले आहे, की दातांच्या फटीत गेलेले अन्न साधनाने हळूहळू काढून घ्यावे. न काढल्यास तोंडाला दुर्गंधी येते. साधनाला तेथे 'शोधन' असा सामान्य शब्द आहे. ते कशाचे असावे हे सांगितलेले नाही. परंतु 'शनैः', म्हणजे हळूहळू, हे क्रियाविशेषण मात्र आवर्जून घातले आहे.

मनूचा व सुश्रुताचा शब्द शेजारी ठेवले असता एक भेद दिसतो. मनूच्या समासात 'अन्तर्' हे अव्यय आहे : अन्न दातांच्या आत बसलेले. सुश्रुताच्या समासात 'अन्तर' हे नाम आहे : अन्न दातांमधील अंतरात गेलेले. पहिल्या रचनेत फट केवळ सूचित होते. दुसरीत ती स्वतंत्र स्थान म्हणून उभी राहते. दोन्ही वचने पद्यात असल्यामुळे छंदाची सोय हेही या भेदाचे कारण असू शकेल, आणि एका अक्षरावर सिद्धांत उभारणे योग्य नव्हे. तथापि दोन्ही शास्त्रांच्या एकंदर भूमिकेशी हा भेद जुळतो, एवढी नोंद करण्यास हरकत नसावी.

सुश्रुताची जाण येथे थांबत नाही. निदानस्थानात मुखरोगांच्या प्रकरणी त्याने 'दन्तशर्करा' वर्णिली आहे : दातांवरचा मळ घट्ट होऊन वाळूसारखा खरखरीत होतो, ती दन्तशर्करा. हिरड्यांच्या रोगांपैकी 'शीताद' या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते व त्या मऊ पडतात. 'दन्तवेष्ट' या रोगात पू व रक्त वाहून दात हलू लागतात. शर्करा काढताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे चिकित्सास्थानात बजावले आहे. सूत्रस्थानातील वीस शस्त्रांच्या यादीत 'दन्तशङ्कु' हे शस्त्रही आहे. मळ, शर्करा, रक्तस्राव व दात हलणे ही लक्षणे येथे नेमकी टिपलेली आहेत. फटीतील मळापासून हलणाऱ्या दातापर्यंतची साखळी मात्र ग्रंथकाराने एका सूत्रात ओवलेली नाही. अन्नकणाचे फळ म्हणून तो दुर्गंधीच सांगतो. आधुनिक ज्ञान प्राचीन वचनांत मागाहून वाचण्याचा मोह आवरला पाहिजे, तो या कारणासाठी.

दैनंदिन दंतशुद्धीसाठी चरक व सुश्रुत या दोघांचाही शब्द 'दन्तपवन' असा आहे. चरकाच्या मते टोक ठेचून मऊ केलेली काडी दोन वेळा, हिरड्यांना न दुखविता वापरावी. सुश्रुत तिची लांबी बारा अंगुळे व जाडी करंगळीएवढी सांगतो. कडूंमध्ये निंब, तुरटांमध्ये खैर, तिखटांमध्ये करंज व गोडांमध्ये मोह श्रेष्ठ मानतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात वेळा अधिक स्पष्ट केल्या आहेत : सकाळी, आणि जेवल्यावर. म्हणजे वैद्यकाच्या परंपरेत दंतशुद्धी हा केवळ प्रातर्विधी नव्हता. जेवल्यानंतरची काडी व फटीतले अन्न हळू काढणे, या दोन्ही गोष्टी तेथे होत्या. लोकाचारात सकाळची काडी टिकली; जेवणानंतरची बहुतेक सुटली.

५

जेवणानंतरची काडी अन्यत्र टिकली होती, याचा साक्षीदार परदेशी आहे. बौद्ध विनयात दंतकाष्ठाला प्रारंभापासून स्थान होते. चुल्लवग्गात काडी न चघळण्याचे पाच तोटे सांगितले असून तोंडाची दुर्गंधी हा त्यांपैकी एक आहे. काडी आठ अंगुळांहून लांब नसावी व चार अंगुळांहून आखूड नसावी, असा नियम आहे. आखूड काडी एका भिक्षूच्या घशात अडकल्यावर दुसरी मर्यादा घातली गेली, असे तेथे सांगितले आहे. न दिलेले अन्न तोंडात घालू नये या नियमालाही पाणी व दंतकाष्ठ यांचा अपवाद होता. त्या ठिकाणी पालीत 'दन्तपोण' हा शब्द येतो. 'दन्तपवना'चे ते पाली रूप होय.

इ. स. ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघालेला व ६९५ मध्ये स्वदेशी परतलेला चिनी भिक्षू इत्सिंग नालंदा येथे बरीच वर्षे राहिला. भारतातील भिक्षूंचे आचार चिनी बांधवांना कळावेत म्हणून त्याने लिहिलेल्या वृत्तांतात दंतकाष्ठावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि भोजनोत्तर शुद्धीवर दुसरे. जेवण होताच काडी चघळून दात व जीभ काळजीपूर्वक साफ केली पाहिजे. तोंडात स्निग्धता उरली तर भिक्षूचा भोजननियम पुरा झाला असे होत नाही, असे तो सांगतो. याचे मर्म उघड आहे. मध्यान्हानंतर न जेवण्याचे व्रत असलेल्या माणसाच्या दातांत अन्न उरणे म्हणजे व्रतात छिद्र राहणे. गौतमाने जो कण गिळून शुद्ध होण्याची मुभा दिली, तोच कण भिक्षूच्या दृष्टीने व्रतभंगाला निमित्त होऊ शकत होता. शुद्धीची दृष्टी बदलताच त्याच फटीचे मोल बदलले.

या काडीच्या नावाचा पुढचा प्रवास भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक आहे. चीनमध्ये दंतकाष्ठाला 'यांगझी', म्हणजे वाळुंजाची डहाळी, म्हणू लागले. भारतात वाळुंज विरळा, आणि नालंदा येथे आपण पाहिलेले दंतकाष्ठाचे झाड वाळुंज नव्हे, अशी तक्रार इत्सिंगने नोंदवली आहे. तरी नाव रूढ झालेच. तेच चिनी अक्षरांत जपानात जाऊन 'योजी' झाले. एदो काळात ठेचलेल्या टोकाच्या, कुंचल्यासारख्या काडीला 'फुसायोजी' म्हणत. दातांच्या फटीत घालण्याच्या बारीक काडीला 'त्सुमायोजी' हे नाव मिळाले. आज जपानी घरात 'योजी' म्हटले की ही फटीतली काडीच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. नालंदेच्या दंतकाष्ठाचे नाव अशा रीतीने जपानात दन्तान्तरात जाऊन स्थिरावले.

६

आता मराठीकडे पाहू. 'दातवण' हा शब्द सामान्यतः 'दंतधावना'पासून आला असे मानण्याकडे कल असतो. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने मात्र 'दन्तपवन' अधिक जवळचे वाटते. स्वरांमधील 'प'चा प्राकृतात 'व' होणे हा सामान्य नियम आहे, आणि एकापुढे एक आलेल्या दोन 'व'कारांपैकी एकाचा लोप होणे हेही स्वाभाविक आहे. पालीतील 'दन्तपोण' त्याच वाटेवरचा एक टप्पा दाखवितो. हा तर्क मान्य झाल्यास आपल्या घरगुती शब्दात चरक-सुश्रुतांचा शब्द दडलेला आहे, असे म्हणावे लागेल.

परंतु शब्द टिकला तरी अर्थ सरकला. मराठीत 'दातवण' काडीपुरते राहिले नाही. दातांना लावण्याच्या चूर्णालाही, विशेषतः बायका दात काळे करण्यासाठी लावीत त्या पुडीलाही, ते नाव लागले. राखुंडी, मंजन, मिसरी हे या क्षेत्रातील इतर शब्दही चूर्णाचेच. क्रियापद 'घासणे' किंवा 'लावणे'. म्हणजे जपानात ज्या साधनाचे नाव फटीत शिरले, त्याच साधनाचे नाव महाराष्ट्रात पृष्ठभागावर पसरले.

जेवणानंतरच्या शुद्धीला मराठीत सुंदर क्रियापद आहे : 'आचवणे'. ते 'आचमना'च्या कुळातले आहे. ताटावरून उठून हात-तोंड धुणे, चूळ भरणे, हे सारे त्यात येते, आणि त्याला विधीची प्रतिष्ठा आहे. मात्र हे क्रियापद पाण्याचे आहे. सैल अन्नकण पाण्याने निघतात. दोन दातांच्या बेचक्यात रुतलेला कण व त्याखालचा थर पाण्याला दाद देत नाही. धर्मशास्त्राने पाण्यानंतर उरणाऱ्या कणाला सवलत दिली, आणि भाषेनेही पाण्यापाशीच विराम घेतला.

याचा अर्थ महाराष्ट्रातील माणसे दातांच्या फटी साफ करीत नव्हती, असा मुळीच नाही. दातकोरणे व कानकोरणे ही जोडी जुन्या घरांतून परिचित आहे. जेथे धातूचे कोरणे नसे तेथे झाडूची काडी, बाभळीचा काटा, टाचणी किंवा नख पुढे होई. आचार होता, पण तो विधीत नव्हता, शिकवण्यात नव्हता, आणि चारचौघांत तर नव्हताच. त्याची क्रियापदे पाहावीत : कोरणे, टोकरणे, उकरणे. तिन्हींत ओरखड्याचा व क्षुद्रतेचा ध्वनी आहे. 'दात कोरून पोट भरत नाही' ही म्हण प्रसिद्धच आहे. बारीकसारीक काटकसरीने मोठी गरज भागत नाही, हा तिचा भावार्थ. परंतु तिच्यामागचे चित्र ध्यानात घ्यावे. दात कोरणारा मनुष्य येथे आरोग्यासाठी दात कोरीत नाही; निघालेला कण पुन्हा खाण्यासाठी कोरतो. ज्या भाषेच्या म्हणीत ही क्रिया कृपणतेचे प्रतीक झाली, त्या भाषेतील आरोग्यपत्रकात ती उपदेश म्हणून कशी यावी? आमच्या समितीतील सभासदांचा आक्षेप वैयक्तिक नव्हता. त्यांच्या मुखाने म्हण बोलत होती.

आणखी एक शब्द येथे नमूद करण्यासारखा आहे. अरबीत दातकोरण्याला 'खिलाल' म्हणतात. फट, मधली जागा या अर्थाच्या धातूपासून तो सिद्ध झाला आहे. उर्दूतही तो प्रतिष्ठित शब्द आहे. त्याच धातूपासून बनलेला 'खलल' हा शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत आला व व्यत्यय या अर्थाने रुळला. मूळ अर्थ फट, त्यावरून उणीव, त्यावरून विघ्न. फटीचा लाक्षणिक अर्थ आपण घेतला. ती फट साफ करणाऱ्या साधनाचे नाव मात्र मराठीच्या रोजच्या वापरात रुजले नाही.

७

आतापर्यंत चर्चिलेली सर्व साधने काडीच्या जातीची आहेत. दोऱ्याचा इतिहास वेगळा व बराच अलीकडचा आहे, आणि तो भारतातला नाही. लेव्ही स्पिअर पार्मली या अमेरिकन दंतवैद्याचा दातांच्या निगेवरील ग्रंथ १८१९ साली फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाला. कुंचला व दंतमंजन यांच्या जोडीला मेण लावलेला रेशमी दोरा त्याने सांगितला, आणि तिन्हींत त्यालाच सर्वांत महत्त्वाचे मानले. दातांच्या फटींतून व हिरडीच्या कमानीखालून तो फिरवावा. कुंचल्याने न निघणारे व रोगाचे खरे मूळ असलेले द्रव्य त्याने निघते, असे त्याचे प्रतिपादन होते. सुश्रुताने दुर्गंधीपाशी सोडलेला धागा येथे रोगापर्यंत नेला गेला.

आचार रुजण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला. १८८२ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील कॉडमन अँड शर्टलेफ या कंपनीने रेशमी दोरा विक्रीस आणला. १८९८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीने त्याचे पेटंट मिळविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशमाची जागा नायलॉनने घेतली. नायलॉनचा दोरा झिजून तुटत नाही म्हणून न्यू ऑर्लिन्स येथील वैद्यकाचे प्राध्यापक चार्ल्स बास यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. इंग्रजीतील 'फ्लॉस' या शब्दाचा मूळ अर्थ पीळ न दिलेले रेशमाचे तंतू असा आहे. त्यात दाताचा उल्लेखही नाही. नाव वस्तूच्या द्रव्यावरून पडले, पुढे द्रव्य बदलले, आणि नावाचे क्रियापद झाले. क्षुद्रतेचा कोणताही पूर्वसंस्कार नसलेला शब्द इंग्रजीला असा आयता मिळाला.

काडी व दोरा यांच्या कार्यातील भेद येथे सांगणे आवश्यक आहे. काडी बाहेरून आत शिरते व अडकलेला कण ढकलून काढते. दोरा दोन दातांच्या संधीतून खाली उतरवून एका दाताच्या कडेला कवेत घेतल्याप्रमाणे वळवायचा, हिरडीच्या किंचित आत नेऊन वर-खाली फिरवायचा, आणि मग शेजारच्या दाताच्या कडेवर तेच करायचे. कण निघणे हा त्याचा आनुषंगिक लाभ. थर पुसला जाणे हे मुख्य कार्य. दोरा करवतीसारखा ओढला तर हिरडी कापली जाते.

८

दोऱ्याचा महिमाही डोळे मिटून स्वीकारण्याजोगा नाही. २०१६ साली अमेरिकेतील एका वृत्तसंस्थेने दाखवून दिले, की रोज दोरा वापरण्याच्या सरकारी शिफारशीमागील पुरावा दुबळा आहे. त्या वर्षीच्या आहारविषयक मार्गदर्शिकेतून ती शिफारस वगळलीही गेली होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेने उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला. केवळ दात घासण्यापेक्षा जोडीला दोरा किंवा फटीत घालण्याचा लहान कुंचला वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते. कुंचला दोऱ्याहून अधिक उपयुक्त ठरण्याचा संभव आहे. मात्र पुराव्याची निश्चिती कमी प्रतीची आहे, असा तिचा निष्कर्ष होता. प्रयोग अल्पकाळाचे, आणि दोरा नीट वापरणारी माणसे थोडी, ही या दुबळेपणाची कारणे सांगितली जातात. पुरावा दुबळा असणे व उपाय निरुपयोगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फट आहे, तेथे थर साचतो, आणि थराने हिरडी सुजते; या तीन गोष्टींविषयी दुमत नाही.

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला पद्धतीविषयी आहे. एखाद्या आचाराला भाषेत प्रतिष्ठित शब्द नाही, यावरून तो आचारच नव्हता असे अनुमान काढणे जसे चूक, तसे जुन्या ग्रंथात एक वचन सापडले म्हणून तो आचार सार्वत्रिक होता असे म्हणणेही चूकच. सुश्रुताचे वचन होते, घराघरात दातकोरणे होते, आणि दोहोंना जोडणारा शब्द मात्र नव्हता. शास्त्र व लोकाचार यांमधील अशा फटीही संशोधकाने तपासल्या पाहिजेत. आमच्या प्राचीनांना दोरा ठाऊक होता असा अभिमान, आणि हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ अशी उपेक्षा, ही दोन्ही मते या तपासणीत टिकत नाहीत.

दुसरा निष्कर्ष व्यवहाराविषयी आहे. पत्रकातले वाक्य गळाले, कारण आम्ही काडीचे क्रियापद दोऱ्याला लावू पाहत होतो. 'कोरणे' हे अशिष्ट म्हणून टाळले गेले; वस्तुतः ते चुकीचे होते म्हणून टाळावयास हवे होते. दोरा कोरीत नाही, पुसतो. 'पुसणे' हे क्रियापद प्रत्येक मराठी घरात रोज वापरात आहे. लहान मुलाचे तोंड पुसावे, देवाची समई पुसावी, पाटीवरचे अक्षर पुसावे. त्यात कोठे लाज नाही व ओरखडाही नाही. सुश्रुताचे 'शनैः' त्याला सहज जोडता येते. ते पत्रक पुन्हा छापण्याचा योग आला, तर त्यात एवढेच वाक्य घालावे असे प्रस्तुत लेखक सुचवील : दोन दातांमधली फट रोज रात्री दोऱ्याने हळू पुसावी.